कर्नलच्या असेंब्लीतला बग: आधी फ्रेम वाचा, कोड नंतर

कर्नलचा असेंब्लीतला भाग कोसळला की बहुतेक जण ती फाइल उघडतात आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचायला घेतात. माझं ऐकाल तर फाइल बंदच ठेवा. चाळीसेक ओळींचा इंटरप्ट स्टब (इंटरप्ट आला की प्रोसेसर आधी ज्या तुकड्यात शिरतो तो) लिहिणाऱ्याला स्वतःला कायम बरोबरच दिसतो, कारण आपण लिहिलेलं वाचतच नाही, लिहायचं होतं ते वाचतो. मशीन थांबलं त्या क्षणी रजिस्टरांत आणि स्टॅकवर काय होतं ते आधी हातात घ्या, आणि त्यातला प्रत्येक विचित्र आकडा कुठून आला हे शोधा. आकड्याचं मूळ सापडलं की चुकलेली ओळ आपोआप समोर येते.

इथे मी एक्स८६-६४ धरून चालले आहे. स्वतःचा छोटा कर्नल लिहिणाऱ्यांना बहुतेक सगळं लागू पडेल, लिनक्सवाल्यांसाठी एक छोटा भाग वेगळा आहे. अ‍ॅड्रेस, पोर्ट, एरर कोड आणि रजिस्टरमधल्या किमती सगळीकडे हेक्समध्ये दिल्या आहेत. व्हेक्टर नंबर आणि बाइटची मोजमापं दशांशात.

आधी मशीन गोठवा

क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ट्रिपल फॉल्ट (एक फॉल्ट हाताळताना दुसरा, तो हाताळताना तिसरा) झाला की मशीन इमानेइतबारे रीसेट होतं, पुन्हा बूट होतं, पुन्हा कोसळतं, आणि तुम्ही लुकलुकणाऱ्या स्क्रीनकडे बघत बसता. म्हणून ‘नो-रीबूट’ आणि ‘नो-शटडाउन’ हे दोन पर्याय जोडीने द्या. पहिल्यामुळे रीसेटच्या जागी मशीन बंद करायचा हुकूम जातो, दुसऱ्यामुळे ते बंद न होता आहे त्या स्थितीत थांबून राहतं. मग क्यूईएमयूच्या मॉनिटरवर, म्हणजे त्याच्या हुकूम देण्याच्या कन्सोलवर, ‘इन्फो रजिस्टर्स’ टाकून सगळी रजिस्टरं शांतपणे वाचता येतात, ‘इन्फो मेम’ टाकून कुठली पेजं मॅप झाली आहेत तेही दिसतं.

तिसरा पर्याय लॉगचा. स्मॉल डी ला ‘इंट’ आणि ‘सीपीयू_रीसेट’ द्या, कॅपिटल डी ला फाइलचं नाव द्या. प्रत्येक एक्सेप्शन (प्रोसेसरने स्वतः पकडलेली चूक) आणि इंटरप्ट त्या फाइलमध्ये रजिस्टरांसकट उतरतो. मात्र केव्हीएम बंद ठेवा. केव्हीएमखाली कोड खऱ्या प्रोसेसरवर चालतो, क्यूईएमयूला मधली एक्सेप्शनं दिसतच नाहीत आणि लॉग रिकामा येतो. ‘माझ्याकडे लॉगच येत नाही’ ही तक्रार आली की मी दुसरं काही न विचारता हेच विचारते.

जीडीबी हा डीबगर जोडायचा तर स्मॉल एस टीसीपी पोर्ट १२३४ वर (हा आकडा मात्र दशांशात) जीडीबीशी बोलणारा स्टब उघडतो आणि कॅपिटल एस पहिल्या इन्स्ट्रक्शनच्या आधी मशीन थांबवून ठेवतो. इथे चार खड्डे आहेत, ते आधीच सांगून टाकते.

बूट सेक्टर ७सी००ला लोड होतो आणि १६ बिटांत चालतो. जीडीबीला सेगमेंटचं गणित कळत नाही. तो आयपी घेतो, सीएस गुणिले १६ त्यात मिळवत नाही. सीएस शून्य असेल तोवर चालून जातं, नंतर तो भलत्याच जागेचे बाइट डिसअसेंबल करून दाखवतो. आर्किटेक्चर ‘आय८०८६’ लावा आणि बेरीज स्वतः करा. शिवाय मोड बदलताना जीडीबी कधीकधी पॅकेट फार मोठं आल्याची तक्रार करून अडून बसतो. कनेक्शन तोडा, आर्किटेक्चर ६४ बिटांचं लावा, पुन्हा जोडा.

कर्नल वरच्या अर्ध्या अ‍ॅड्रेसवर लिंक केलेला असेल तर पेजिंग सुरू होईपर्यंत कोड खालच्या अ‍ॅड्रेसवरून चालत असतो. सिम्बॉलच्या नावाने लावलेला ब्रेकपॉइंट तोवर लागणारच नाही. लिंकर स्क्रिप्टमधला फरक वजा करून नुसत्या अ‍ॅड्रेसवर लावा.

केव्हीएम वापरतच असाल तर साधा ब्रेकपॉइंट मेमरीत सीसी हा बाइट लिहून बसतो. कर्नल त्या जागी लोड व्हायच्या आधी तो लावलात तर लोडर त्याच्यावर खरा कोड लिहून मोकळा होतो आणि ब्रेकपॉइंट गायब. अशा वेळी हार्डवेअर ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘एचब्रेक’. ते चारच मिळतात, कारण प्रोसेसरकडे डीआर० ते डीआर३ एवढीच रजिस्टरं त्यासाठी आहेत.

आणि चौथा, सगळ्यात फसवा. क्यूईएमयूचा स्टब सिंगल-स्टेप करताना इंटरप्ट आणि टायमर मुळातच दाबून ठेवतो. म्हणजे जो बग इंटरप्ट मध्येच आल्यामुळे होतो, तो एकेक पायरी चालताना कधीच दिसणार नाही. ‘स्टेप करताना बरोबर चालतं, सोडलं की कोसळतं’ असं झालं तर त्यात अद्भुत काही नाही, उलट तो मोठा पुरावा आहे: दोष इंटरप्टच्या वाटेवर आहे.

आवाज नसलेल्या ठिकाणाहून एक अक्षर

कन्सोल सुरू होण्याआधीच्या कोडमध्ये छापणार कशाने? क्यूईएमयूच्या ‘डीबगकॉन’ पर्यायाने पोर्ट ई९वर लिहिलेला प्रत्येक बाइट थेट टर्मिनलवर येतो. आधी काहीही तयारी लागत नाही. एएलमध्ये अक्षर, मग आउट, संपलं. पेजिंग नसू दे, आयडीटी (कुठल्या इंटरप्टला कुठला हँडलर हे सांगणारं टेबल) नसू दे, तरी चालतं. महत्त्वाच्या टप्प्यांवर ए, बी, सी अशी अक्षरं पेरा. शेवटचं दिसलेलं अक्षर आणि पुढचं न दिसलेलं अक्षर यांच्यामध्ये बग सापडतो.

याचा मॅक्रो करताना आरएएक्स वाचवा. पुश, मूव्ह, आउट, पॉप यांतलं कुणीही फ्लॅगना हात लावत नाही, त्यामुळे तुलना आणि उडी यांच्यामध्येही हा मॅक्रो निर्धास्त टाकता येतो. पण स्टॅकच धड नसेल तर पुश करूच नका, नाहीतर तपासायला गेलात तिथेच नवा फॉल्ट. तेव्हा मी याहून साधं हत्यार वापरते: स्वतःवरच उडी मारणारी दोन बाइटची उडी, ईबी एफई. ती संशयित जागी टाका. मशीन तिथे अडकून राहिलं तर तोवरचा कोड ठीक, रीसेट झालं तर दोष त्याच्या आधी. अर्ध्याचं अर्धं करत गेलात की हजारभर इन्स्ट्रक्शनांतून दहाएक खेपांत नेमकी जागा मिळते. दिसायला गावठी वाटतं, पण यासाठी डीबगर लागत नाही, स्टॅक लागत नाही आणि खऱ्या हार्डवेअरवरही हे तसंच चालतं.

खऱ्या मशीनवर ई९ नसतं. तिथे सीरियल पोर्ट, ३एफ८. त्यावर बाइट टाकण्याआधी ३एफडी वाचून पाचवा बिट चढलेला आहे ना ते पाहायचं. क्यूईएमयूत ही वाट न बघताही अक्षरं येतात. खऱ्या पोर्टवर मात्र ती गळतात, आणि मग अर्धवट अक्षरांवरून तुम्ही भलताच निष्कर्ष काढता.

ट्रिपल फॉल्टचा लॉग

लॉग फाइल उघडलीत की आधी बायोसने केलेला धुरळा दिसेल, एसएमएम या फर्मवेअरच्या खास मोडमध्ये शिरल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या नोंदी वगैरे. तो सोडा. फाइलच्या तळाशी जा आणि ‘ट्रिपल फॉल्ट’ ही ओळ गाठून वर चढा. साधारण असा जिना सापडतो:

ओल्ड: एफएफएफएफएफएफएफएफ, न्यू: ई
ओल्ड: ई, न्यू: डी
ओल्ड: ८, न्यू: डी

‘ओल्ड’मध्ये सगळे एफ म्हणजे तेव्हा दुसरं कुठलंही एक्सेप्शन चालू नव्हतं. म्हणजे खरी घटना तीच: ई, म्हणजे व्हेक्टर १४, पेज फॉल्ट. तो पोचवताना प्रोसेसरला १३ लागला, जनरल प्रोटेक्शन, दोघे मिळून ८, डबल फॉल्ट, तो पोचवतानाही १३, मग रीसेट. नवखा माणूस शेवटच्या १३ मागे धावतो. तुमच्याकडे खरं तर दोन वेगळे बग आहेत. पेज फॉल्ट का झाला हा पहिला, आणि पेज फॉल्ट हँडलरपर्यंत का पोचला नाही हा दुसरा. मी आधी दुसरा सोडवते. हँडलर धड चालू लागला की पहिला बग तुमच्याच भाषेत स्वतःची ओळख करून देतो. पोचला नाही याचं कारण बहुधा तीनातलं एक असतं: आयडीटीतली नोंद रिकामी आहे, तिच्यातला कोड सेलेक्टर तुमच्या जीडीटीत (सेगमेंटांच्या टेबलात) नाही, किंवा आयडीटीच अशा अ‍ॅड्रेसवर आहे जो नव्या पेज टेबलमध्ये मॅपच केलेला नाही. शेवटच्या प्रकारात मात्र दुसरी पायरी डीऐवजी पुन्हा ई दिसते.

जिन्यातल्या पहिल्या पायरीखालच्या ओळीत व्हेक्टर, एरर कोड, आयपी, एसपी आणि सीआर२ (ज्या जागेवर पेज फॉल्ट झाला ती जागा) असतात. पेज फॉल्टच्या एरर कोडचे खालचे पाच बिट पाठच करा: शून्यावा बिट चढलेला असेल तर पेज हजर होतं पण परवानगी नव्हती, पहिला म्हणजे लिहिताना, दुसरा म्हणजे यूजर मोडमधून, तिसरा म्हणजे पेज टेबलच्या नोंदीतला राखीव बिट चढलेला आहे, चौथा म्हणजे इन्स्ट्रक्शन आणताना. तिसरा दिसला की मला बरं वाटतं, कारण तो फार थोड्या कारणांनी येतो. पेज टेबलमध्ये कचरा तरी आहे, नाहीतर ईएफईआर या रजिस्टरमधला एनएक्सचा (पेजवरून कोड चालवायला मनाई करण्याच्या सोयीचा) बिट न चढवता नोंदीतला ६३वा बिट चढवलेला आहे.

बॉक्स (बीओसीएचएस) हा दुसरा एम्युलेटरही हाताशी असू द्या. हळू चालतो, पण काटेकोर आहे, आणि सेलेक्टर का नाकारला याचं कारण लॉगमध्ये लिहितो. शिवाय त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘मॅजिक ब्रेक’ चालू केलात की बीएक्सची बीएक्सशीच अदलाबदल करणारी इन्स्ट्रक्शन ब्रेकपॉइंट बनते. सोर्समध्ये हवी तिथे ठेवा. इतर ठिकाणी चालली तरी काही बिघडत नाही.

आयरेटक्यूवर कोसळतं तेव्हा

आयरेटक्यू म्हणजे हँडलरमधून परतायची इन्स्ट्रक्शन. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा बग हा, म्हणून इथे थांबते.

लाँग मोडमध्ये एक्सेप्शन आलं की प्रोसेसर आधी आरएसपी १६च्या पटीत खाली आणतो आणि मग आठ-आठ बाइटचे पाच शब्द (हीच फ्रेम) ढकलतो: एसएस, आरएसपी, आरफ्लॅग्ज, सीएस, आरआयपी. सहावा एरर कोड, पण तो ठरावीक व्हेक्टरनाच: ८, १०, ११, १२, १३, १४, १७ आणि नव्या प्रोसेसरांवर २१ वगैरे. बाकीच्यांना नाही. सगळ्यांची फ्रेम सारखी व्हावी म्हणून स्टबमध्ये जिथे एरर कोड येत नाही तिथे आपण खोटं शून्य ढकलतो, त्यावर व्हेक्टर नंबर, त्यावर १५ रजिस्टरं. परतताना रजिस्टरं काढायची, आरएसपीत १६ मिळवायचे, आयरेटक्यू.

आता समजा, पेज फॉल्टचा हँडलर सी मध्ये व्यवस्थित चालला, पेज मॅप केलं, परत आला आणि आयरेटक्यूवर व्हेक्टर १३ लागला. एरर कोड: २ए३सी. १३ हा फॉल्ट प्रकारातला आहे, त्यामुळे जतन झालेला आरआयपी आयरेटक्यूवरच असतो, पुढे सरकलेला नसतो. या १३च्या फ्रेममधला जतन केलेला आरएसपी घ्या आणि तिथून पाच शब्द वाचा. जीडीबीत ‘एक्स/५जीएक्स’ आणि पुढे तो अ‍ॅड्रेस. समजा हे आलं (लांब किमतींच्या सुरुवातीचे एफ गाळले आहेत):

पहिला: ०
दुसरा: ८०१०२ए३सी
तिसरा: ८
चौथा: १०२४६
पाचवा: ८०२०७एफ५०

आयरेटक्यू वरून खाली वाचतो: आरआयपी, सीएस, आरफ्लॅग्ज, आरएसपी, एसएस. म्हणजे त्याला आरआयपी मिळाला ०, आणि सीएस मिळाला दुसऱ्या शब्दाचे शेवटचे १६ बिट, २ए३सी. असा सेलेक्टर कुठेच नाही, म्हणून १३, आणि एरर कोडमध्ये तोच सेलेक्टर. एकदा नजर बसली की स्टॅक न उघडताही कळतं: एरर कोड तुमच्या कोडमधल्या एखाद्या अ‍ॅड्रेसच्या शेपटीसारखा दिसतो आहे ना, मग परतीचा अ‍ॅड्रेस सीएसच्या खाचेत गेला आहे. फ्रेम एका शब्दाने वर राहिली. ते पहिलं शून्य म्हणजे पेज फॉल्टचा एरर कोड (कर्नलमधून, वाचताना, पेज हजर नसताना), आणि तो काढायचा राहून गेला. आता फाइल उघडा. १६च्या जागी ८ मिळवलेले दिसतील.

चौथा शब्द १०२४६ आहे त्यातला पुढचा १ म्हणजे आरएफ, १६वा बिट. फॉल्ट जतन करताना प्रोसेसर तो चढवतो. म्हणून स्टॅकच्या कचऱ्यात १०२ किंवा १०२४ ने सुरू होणारी किंमत दिसली की ती बहुधा फॉल्टच्या फ्रेममधला आरफ्लॅग्ज असते, आणि तिच्या आजूबाजूची फ्रेम जुळवता येते.

उलटी चूकही ओळखून ठेवा. टायमरच्या स्टबमध्ये खोटं शून्य ढकलायचं राहिलं आणि परतताना मात्र ते काढलं, तर आरआयपीच्या जागी ८ जातो आणि सीएसच्या जागी आरफ्लॅग्ज. आरफ्लॅग्ज २४६ असेल तर एरर कोड येतो २४४, कारण सेलेक्टरचे खालचे दोन बिट एरर कोडमध्ये वेगळ्या कामाला असतात. २०२ असेल तर २००. जनरल प्रोटेक्शनचा एरर कोड असा दोनशेच्या घरातला दिसला की मी सरळ स्टबच्या शेवटच्या तीन ओळींकडे जाते.

याच फ्रेमचं आणखी एक गणित उपयोगी पडतं. पाच शब्द प्रोसेसरचे, एक एरर कोड, एक व्हेक्टर, पंधरा रजिस्टरं: २२ शब्द, १७६ बाइट. १७६ला १६ने भाग जातो, म्हणून सी चं फंक्शन बोलावताना स्टॅक सिस्टिम व्ही एबीआयला (फंक्शनांनी एकमेकांना कसं बोलवावं याच्या नियमांना) हवा तसा जुळलेला असतो. कुणीतरी ‘हे रजिस्टर कशाला वाचवायचं’ म्हणून एक पुश कमी केला की जुळणी ८ ने बिघडते. कंपायलरने कुठे मूव्हॅप्स (१६च्या पटीतलीच जागा मागणारी इन्स्ट्रक्शन) टाकली असेल तर तिथे १३ लागतो, एरर कोड ०, आणि तोही सी च्या एखाद्या निष्पाप दिसणाऱ्या ओळीवर. कर्नलमध्ये एसएसई बंद करून कंपाइल केलेलं असेल तर हा त्रास दिसणार नाही, पण जुळणी सांभाळायची सवय ठेवाच.

आकडे ओळखायला शिका

सीआर२ मध्ये लहानशी किंमत, १८ किंवा ४०, म्हणजे नल पॉइंटरवरून स्ट्रक्चरमधलं फील्ड वाचलं. त्या ऑफसेटला कुठलं फील्ड येतं ते बघा, कुठलं स्ट्रक्चर ते कळेल. सीआर२ आणि आरआयपी सारखेच असतील तर कोडने भलत्या जागी उडी मारली आहे: नल फंक्शन पॉइंटर, नाहीतर बिघडलेल्या स्टॅकवरून रेट (फंक्शनमधून परतायची इन्स्ट्रक्शन). तेव्हा आरएसपीच्या आठ बाइट खाली जे पडलं आहे ते नुकतंच रेटने उचलून नेलेलं असू शकतं, पण फॉल्टची फ्रेम त्याच स्टॅकवर ढकलली गेली तर ते पुसलंही जातं. शोध लवकर आणि शक्यतो वेगळ्या स्टॅकवरून घ्या.

आणि हे विसरू नका: अ‍ॅड्रेस कॅनॉनिकल नसेल, म्हणजे वरचे बिट ४७व्या बिटाशी जुळत नसतील, तर पेज फॉल्ट येतच नाही. व्हेक्टर १३ येतो, एरर कोड ०, आणि सीआर२ मध्ये आधीच्या कुठल्यातरी पेज फॉल्टचा शिळा अ‍ॅड्रेस तसाच पडून असतो. व्हेक्टर १३ असताना सीआर२वरून तर्क लढवत बसू नका. तोच वाईट अ‍ॅड्रेस आरएसपी किंवा आरबीपीमधून आला तर १३ऐवजी १२ येतो, स्टॅकचा फॉल्ट. म्हणजे १२ दिसला की स्टॅक पॉइंटर बिघडला आहे हे फुकटात कळतं.

लिनक्समध्ये काही कचरा मुद्दाम ठेवलेला असतो. ६बी६बी६बी६बी म्हणजे फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरली, ५ए५ए५ए५ए म्हणजे घेतली पण त्यात काही भरलं नाही (दोन्ही स्लॅबचं पॉइझनिंग, म्हणजे मेमरी मुद्दाम ओळखीच्या बाइटांनी भरणं, चालू असेल तरच), आणि डीईएडीने सुरू होऊन १००वर संपणारा अ‍ॅड्रेस म्हणजे लिस्टमधून काढलेल्या नोडवरून पुढे चालत गेलात. आपल्या छोट्या कर्नलमध्येही हे करा. प्रत्येक स्टॅक वापरात घेण्याआधी ओळखू येईल अशा बाइटांनी भरा आणि त्याच्या तळाखाली एक पेज मॅप न करता सोडा. स्टॅक ओसंडला की शेजारच्याचा डेटा चिरडण्याऐवजी तिथल्या तिथे फॉल्ट येईल.

सी आणि असेंब्लीची वेस

असेंब्लीतले निम्मे बग मला या वेशीवरच सापडतात.

रेड झोन. सिस्टिम व्ही एबीआयनुसार जे फंक्शन दुसऱ्या कुणाला बोलावत नाही ते आरएसपीच्या खालचे १२८ बाइट आरएसपी न हलवता वापरू शकतं. यूजर प्रोग्रॅममध्ये ठीक. कर्नलमध्ये इंटरप्ट त्याच स्टॅकवर येतो आणि ते १२८ बाइट तुडवतो. लक्षण ठरलेलं: छोट्या, सरळसोट फंक्शनमधला लोकल व्हेरिएबल कधीतरी आपोआप बदलतो आणि इंटरप्ट बंद केले की सगळं सुरळीत. ‘एमनो-रेड-झोन’ हा फ्लॅग प्रत्येक फाइलला लागतो आहे ना ते बिल्डच्या आउटपुटमध्ये डोळ्यांनी बघा. बाहेरून जोडलेली एखादी लायब्ररी त्याशिवाय कंपाइल झालेली असेल तर तेवढंच पुरतं.

डायरेक्शन फ्लॅग. इंटरप्ट गेट आयएफ (इंटरप्ट चालू ठेवणारा फ्लॅग) उतरवतो, डीएफ (डायरेक्शन फ्लॅग) उतरवत नाही. यूजर कोडने एसटीडी करून तो चढवून ठेवला आणि तेवढ्यात टायमर आला, तर तुमचं मेमरी कॉपी करणारं फंक्शन उलट्या दिशेने चालतं. प्रत्येक प्रवेशावर सीएलडी करून तो उतरवा. सिसकॉलच्या वाटेवर हे काम एफमास्क नावाचं एमएसआर (प्रोसेसरचं खास कामाचं रजिस्टर) करू शकतं.

वाचवायची रजिस्टरं. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही बोलावलेल्याने जशीच्या तशी परत करायची असतात. असेंब्लीतलं फंक्शन हे पाळतं का, हे वाचून ठरवू नका. बोलावण्याआधी या सहांत वेगवेगळे ठळक आकडे भरा, परतल्यावर तुलना करा, फरक दिसला तर यूडी२ (मुद्दाम फॉल्ट घडवणारी इन्स्ट्रक्शन). असा छोटा गार्ड लिहायला थोडा वेळ जातो, पण कॉन्टेक्स्ट स्विचमधली गफलत याच्याइतक्या लवकर दुसरं काही पकडत नाही.

सिसकॉल. ही इन्स्ट्रक्शन आरसीएक्समध्ये परतीचा अ‍ॅड्रेस आणि आर११मध्ये फ्लॅग टाकते, म्हणून चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्सऐवजी आर१०मधून यायला हवं. चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये यूजर कोडचा अ‍ॅड्रेस दिसला तर हेच राहिलं आहे. शिवाय सिसकॉल आरएसपी बदलत नाही. स्टॅक बदलेपर्यंतच्या दोन-तीन इन्स्ट्रक्शन यूजरच्या स्टॅकवर चालतात आणि त्यात एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट) येऊ शकतो. स्वॅपजीएसचा (यूजर आणि कर्नल यांचे जीएसचे बेस अदलाबदल करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा) हिशेब चुकला असेल तर जीएसचे दोन्ही बेस, म्हणजे एमएसआर सी००००१०१ आणि सी००००१०२, वाचा. कर्नलमध्ये असताना पहिल्यात कर्नलचा अ‍ॅड्रेस हवा. परतीची वाटही निर्धोक नाही: इंटेलच्या प्रोसेसरवर सिसरेटला (सिसकॉलमधून परतणाऱ्या इन्स्ट्रक्शनला) आरसीएक्समध्ये कॅनॉनिकल नसलेला अ‍ॅड्रेस मिळाला तर फॉल्ट कर्नल मोडमध्येच लागतो, पण तेव्हा आरएसपी यूजरचा असतो. सीव्हीई-२०१२-०२१७ नावाने गाजलेली त्रुटी हीच, आणि तिने झेन, फ्रीबीएसडी आणि विंडोज अशा वेगवेगळ्या घरच्या कर्नलना एकदमच गाठलं होतं. सिसरेटच्या आधी आरसीएक्स तपासा.

लिनक्सचा ऊप्स

ऊप्स म्हणजे कर्नलमध्ये चूक झाली की लिनक्स छापतो तो अहवाल. त्यातली ‘कोड’ ही ओळ लोक सोडून देतात. तिच्यात आरआयपीच्या आसपासचे बाइट असतात आणि नेमका आरआयपीवरचा बाइट कोनी कंसात. ती ओळ कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या ‘डीकोडकोड’ला द्या, डिसअसेंब्ली मिळेल. ती तुमच्या व्हीएमलिनक्सच्या (बिल्डमधून निघालेल्या कर्नल फाइलच्या) ऑब्जडंपशी ताडून पाहा. जुळली नाही तर एकतर तुम्ही भलत्याच बिल्डच्या सिम्बॉलवरून वाचता आहात किंवा बूटच्या वेळी कर्नलने तिथला कोड बदलला आहे. लिनक्स प्रोसेसर पाहून काही इन्स्ट्रक्शन चालत्या कर्नलमध्ये बदलतो. फंक्शन अधिक ऑफसेट असा पत्ता असेल तर ‘एफअ‍ॅडर२लाइन’ ओळ नंबर देतो. जीडीबी लावणार असाल तर कर्नलला ‘नोकेएएसएलआर’ (दर बूटला कर्नलची जागा बदलणं बंद करणारा पर्याय) द्या, नाहीतर सगळे सिम्बॉल भलतीकडे.

एम्युलेटरवर चालतं, मशीनवर नाही

मी या क्रमाने बघते. बीएसएस (सुरुवातीला शून्य असायला हव्या अशा व्हेरिएबलांचा भाग) कुणी शून्य करतं का? क्यूईएमयूची मेमरी सुरुवातीला शून्य असते, खऱ्या रॅममध्ये काहीही असू शकतं. ए२० (एक एमबीच्या वरची मेमरी नीट दिसायला लागणारी लाइन) उघडला का? पेज टेबल बदलल्यावर इन्व्हएलपीजी (प्रोसेसरने लक्षात ठेवलेली जुनी नोंद पुसणारी इन्स्ट्रक्शन) केलं का? विसरलात तरी एम्युलेटरवर निभावून जाऊ शकतं. सेगमेंटच्या मर्यादा बरोबर आहेत का? क्यूईएमयूचं टीसीजी (केव्हीएमशिवाय कोड चालवणारा त्याचा भाग) त्या तपासत नाही, म्हणून ३२ बिटांच्या टप्प्यात चुकलेली जीडीटी तिथे बिनबोभाट चालते. बहुतेक वेळा यादी इथेच संपते.

दुरुस्ती झाल्यावर तपासताना

हँडलर तपासायला ‘इंट १४’ वापरू नका. सॉफ्टवेअरने केलेला इंट कुठल्याही व्हेक्टरला एरर कोड ढकलत नाही, १४लाही नाही. तुमचा बरोबर असलेला स्टब त्यात एका शब्दाने घसरेल आणि नसलेला बग शोधत बसाल. फॉल्ट खरे घडवा: ६साठी यूडी२, ०साठी शून्याने भागाकार, १४साठी मॅप न केलेला अ‍ॅड्रेस वाचणं, १३साठी जीडीटीच्या बाहेरचा सेलेक्टर डीएसमध्ये घालणं. प्रत्येकात जतन झालेला आरआयपी आणि एरर कोड अपेक्षेशी जुळतो का ते कोडनेच तपासून घ्या.

डबल फॉल्टची चाचणी शेवटी ठेवा. आरएसपी मॅप न केलेल्या अ‍ॅड्रेसवर न्या आणि एक पुश करा. पेज फॉल्ट येईल, त्याची फ्रेम ढकलायला जागा नसेल, मग ८. व्हेक्टर ८च्या नोंदीत आयएसटीचा (हँडलरसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या स्टॅकचा) नंबर भरलेला असेल तर हँडलर वेगळ्या स्टॅकवर उठतो आणि सीआर२मध्ये तुम्ही दिलेल्याच्या लगतचा अ‍ॅड्रेस दिसतो. थेट रीसेट झाला तर आयडीटीच्या नोंदीतला तो तीन बिटांचा आकडा आणि टीएसएसमधला आयएसटीचा अ‍ॅड्रेस हे दोन्ही बघा; आणि एलटीआर (टीएसएस कुठे आहे हे प्रोसेसरला सांगणारी इन्स्ट्रक्शन) केलं होतं का, तेही.